धावेची नोंदणी वेबहूकने जोडताना: साताऱ्यातल्या कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सकाळच्या सरावानंतर समर्थ मंदिराजवळ चहा घेताना आमच्या धावगटाच्या यंदाच्या धावेची कामं वाटून झाली. नोंदणी माझ्याकडे आली. धाव १४ डिसेंबरला: २१ किलोमीटरवाले यवतेश्वर घाट चढून कास रस्त्याने पुढे जाऊन परत येणार, १० किलोमीटरवाले त्याच घाटातून अलीकडूनच वळणार, आणि मुलांची ३ किलोमीटर शहरातल्या शहरात.

गेल्या वर्षी मी रोज रात्री नोंदणीच्या सॉफ्टवेअरमधून फाइल उतरवायचे, शीटमध्ये चिकटवायचे आणि त्यावरून मेल पाठवायचे. शेवटच्या आठवड्यात दोन रात्री राहून गेल्या आणि ९ जणांची टी-शर्टची बदललेली मापं जुनीच राहिली. मेढ्याहून आलेल्या एका मुलीला डबल एक्सएल शर्ट खोचून घाट चढावा लागला. ते वर्षभर मनाला लागून राहिलं होतं.

म्हणून यंदा वेबहूक. सॉफ्टवेअरला आपला एक पत्ता देऊन ठेवायचा. कुणी नोंद केली, पैसे भरले, माप बदललं किंवा नाव मागे घेतलं, की सॉफ्टवेअर आपण होऊन त्या पत्त्यावर माहिती धाडतं. पुढे ती माहिती शीट, मेल, व्हॉट्सअप आणि स्वयंसेवकांच्या टेलिग्राम ग्रुपपर्यंत पोचवायची, एवढं काम. दिवसा मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळते, त्यामुळे हे सगळं रात्री आणि रविवारी. इतर गावांतल्या धावगटांनाही हे करायचं असतं, म्हणून लिहून ठेवते आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

कोड लिहायला बसण्याआधी नुसतं काय येतं ते पाहिलं. वेबहूक डॉट साइटवर तात्पुरता पत्ता मिळतो, तिथे आलेली माहिती जशीच्या तशी दिसते. खोट्या नावाने चार नोंदी केल्या. खऱ्या माणसाचं नाव किंवा फोन तिथे टाकू नका, तो पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं दिसतं.

दोन गोष्टी वहीत लिहून घेतल्या. रक्कम पैशांत येते: १० किलोमीटरचे ६०० रुपये ६०००० असे दिसले. आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहिलीची काळजी तिथल्या तिथे घेतली. दुसरी लिहून ठेवूनही विसरले, ते पुढे येईलच.

२१ सप्टेंबर, रविवार

गूगल शीटला जोडलेली अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटबरोबर चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. ती वेब अ‍ॅप म्हणून प्रकाशित केली की पत्ता मिळतो, तोच सॉफ्टवेअरमध्ये भरला. पहिली नोंद शीटमध्ये पडली तेव्हा फार बरं वाटलं.

त्यानंतर दोन तास वाया गेले. कोड बदलायचा, जतन करायचा, नोंद करून बघायची, तरी जुनंच चालायचं. जतन केलेला कोड त्या पत्त्यावर आपोआप लागू होत नाही. प्रकाशनाच्या व्यवस्थापनात जाऊन तेच प्रकाशन संपादित करायचं आणि नवी आवृत्ती निवडायची. नवं प्रकाशन केलंत तर पत्ताच बदलतो आणि सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर पाठवत राहतं. मी ही चूकही केली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी ९ला नोंदणी उघडली. आदल्या आठवड्यात चाचणीच्या काही नोंदी शीटमध्ये दोनदा दिसल्या होत्या. मीच बटण दोनदा दाबलं असेल असं धरून पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं.

दुपारपर्यंत ४३ जणांनी पैसे भरले होते आणि शीटमध्ये ११८ ओळी होत्या. ओळ पडली की पुढचा बिब नंबर (धावताना छातीला लावायचा क्रमांक) द्यायचा आणि मेल पाठवायचा, असं मीच लिहिलं होतं. त्यामुळे एकेकाला दोन-तीन नंबर आणि तितकेच मेल गेले. साध्या खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतात. ती मर्यादा जेवायच्या वेळेलाच संपली आणि नंतरच्या लोकांना काहीच गेलं नाही.

खजिनदार काकांचा फोन आला. "अगं, वाईचा एक जण विचारतोय, तीन नंबर आलेत म्हणजे माझे तीनदा पैसे कापले का?"

"नाही काका, पैसे एकदाच कापलेत. निरोप तीनदा आलाय."

"निरोप तीनदा आला म्हणून वहीत तीनदा लिहायचं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोनं वाटायला घरात माणसं आली होती आणि मी आतल्या खोलीत बसून ४३ जणांना एकेक करून खरा नंबर कळवत होते. रात्री साडेअकरा वाजले. नंबर आपोआप देणं बंद करून ठेवलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कारण सापडलं. वेबहूक पाठवणारा समोरून "मिळालं" अशा उत्तराची वाट बघतो. ते उत्तर २०० या क्रमांकाच्या घरातलं लागतं. अ‍ॅप्स स्क्रिप्ट मजकूर परत देते तो सरळ देत नाही, ३०२ म्हणजे "उत्तर दुसऱ्या पत्त्यावर आहे, तिकडे जा" असं सांगते. ब्राउझर तिकडे जातो, म्हणून हाताने तपासताना सगळं ठीक दिसतं. आमचं सॉफ्टवेअर जात नाही. त्याच्या लेखी ते पोचलंच नाही, म्हणून ते पुन्हा पाठवतं. सॉफ्टवेअरच्या पाठवणीच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर ३०२ लिहिलेलं होतं. ती यादी मी उघडून पाहिलीच नव्हती. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी यादी असेल तर पहिल्या दिवसापासून रोज बघा.

दुसरी अडचण त्याहून मोठी. प्रत्येक निरोपाबरोबर सॉफ्टवेअर एक सही पाठवतं, निरोप खरा त्यांच्याकडूनच आला हे ओळखायला. ती हेडरमध्ये, म्हणजे निरोपाच्या पाकिटावरच्या माहितीत, असते आणि अ‍ॅप्स स्क्रिप्टला हेडर वाचताच येत नाहीत. म्हणजे आमचा पत्ता कुणाच्या हाती लागला असता तर पैसे न भरता त्याला नोंद घालता आली असती.

५ ऑक्टोबर, रविवार

काकांच्या घरी गेले. त्यांनी ३० वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं आहे. मी कागदावर चौकोन काढून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टपाल आलं की आधी आवक क्रमांक टाकायचा आणि शिपायाच्या वहीत पोच द्यायची. साहेब पत्र वाचेपर्यंत शिपायाला दारात उभं करायचं नाही. तेच पत्र परत आलं तर नवा क्रमांक नाही, जुन्या नोंदीवरच शेरा. साहेबांनी काय करायचं ते नंतर, निवांत."

मी ती वाक्यं तशीच वहीत उतरवली आणि त्याबरहुकूम काम मांडलं. मधे क्लाउडफ्लेअर वर्कर, म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम, घातला. फुकटच्या योजनेत दिवसाला १ लाख विनंत्या चालतात, आमचं काम शेकड्यांतलं. वर्कर हेडर वाचतो, सही तपासतो, आलेला मजकूर जसाच्या तसा साठवतो आणि लगेच २०० देऊन मोकळा होतो. बिब नंबर, शीट, मेल, संदेश हे सगळं त्या साठ्यातून नंतर. प्रत्येक निरोपाला सॉफ्टवेअर स्वतःचा क्रमांक देतं आणि तोच निरोप पुन्हा धाडला तर क्रमांक तोच राहतो. तोच आमचा आवक क्रमांक.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आवक क्रमांक आधी क्लाउडफ्लेअरच्या केव्ही साठ्यात ठेवले, कारण ते सोपं वाटलं. तरी दोन नोंदी दुहेरी आल्याच. केव्हीत लिहिलेलं सगळीकडे तत्काळ दिसत नाही, मिनिटभरही जाऊ शकतं, आणि पुन्हा येणारा निरोप काही सेकंदांत येतो. "हा क्रमांक आहे का" असं विचारलं तर "नाही" म्हणून उत्तर मिळतं आणि दोन्ही आत जातात. चूक माझीच, भलत्या कामाला भलतं भांडं वापरलं.

मग क्लाउडफ्लेअरचंच डी१ वापरलं. तो खरा डेटाबेस आहे. क्रमांकाच्या रकान्याला प्राथमिक किल्ली केलं, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा पडत नाही, आणि "असेल तर सोडून दे" या आज्ञेने घालायला लावलं. आधी विचारणं आणि मग लिहिणं हे दोन टप्पेच उरले नाहीत. एकच निरोप २० वेळा पाठोपाठ पाठवून पाहिला. ओळ एकच पडली.

११ ऑक्टोबर, शनिवार

या नोंदीतली गोष्ट मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती, म्हणून सविस्तर.

गुरुवारपासून काही निरोप सहीच्या तपासणीत नापास होत होते. २७ पैकी ६. गुपित किल्ली बरोबर, वेळ बरोबर, बाकीचे २१ पास. सहाही निरोप छापून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. एक २१ किलोमीटरचा, चार १०चे, एक मुलांचा. पैसे वेगळे, मापं वेगळी. आई वाढता वाढता कागदांकडे बघून म्हणाली, "ही सगळी नावं मराठीत लिहिलीत होय?" पास झालेल्या २१ जणांनी नाव इंग्रजी अक्षरांत भरलं होतं. या सहा जणांनी देवनागरीत.

सॉफ्टवेअर पाठवताना देवनागरी अक्षर सरळ न लिहिता त्याचा संकेतांक लिहितं: "स" ऐवजी तिरकी रेघ, यू आणि ०९३८. सही त्या संकेतांकांच्या मजकुरावर केलेली असते. मी मात्र आलेला जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत मांडलेला) मजकूर आधी उलगडत होते आणि पुन्हा गुंडाळून त्यावर एचएमएसी, म्हणजे गुपित किल्ली वापरून होणारी सही, काढत होते. पुन्हा गुंडाळताना संकेतांकाच्या जागी खरा "स" आला, मजकूर बदलला, सही जुळेना. इंग्रजी अक्षरं दोन्हीकडे सारखीच राहतात, म्हणून ती नावं सुटली.

दुरुस्ती एका ओळीची: विनंतीचा मजकूर हाती येईल तसा, न उलगडता, त्यावरच एसएचए-२५६ या पद्धतीची सही काढायची आणि मगच जेसन उलगडायचा. चाचणीच्या सगळ्या नोंदी मी इंग्रजीत केल्या होत्या, म्हणून हे आधी दिसलं नाही. आपल्या भाषेत नाव लिहिणाऱ्या माणसाची नोंद आपल्याच गावात नाकारली जावी, याचं मला फार वाईट वाटलं. आता चाचणीची पहिली नोंद देवनागरीत, जोडाक्षरं आणि रफारासकट.

१२ ऑक्टोबर, रविवार

टेलिग्राम अर्ध्या तासात झालं. बॉट तयार केला, ग्रुपमध्ये घेतला, रात्री ९ला दिवसाचा आकडा जातो. आधी प्रत्येक नोंदीला संदेश जात होता, सगळ्यांनी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला. दिवसातून एकच बरा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीत संगणकाला हात लावला नाही. आज पाहिलं तर एकाने शर्टाचं माप एलवरून एम केलेलं आणि आमच्याकडे एलच. साठ्यात बघितलं: बदलाचा निरोप आधी पोचला होता आणि मूळ नोंदणीचा चार मिनिटांनी नंतर, कारण त्याचा पहिला प्रयत्न फसला होता. मागून आलेल्या जुन्या निरोपाने नवं माप पुसलं. गेल्या वर्षीचीच चूक, नव्या वाटेने.

निरोप ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने पोचतील याची हमी नसते. आता निरोप आला की त्यातल्या तपशिलावर न विसंबता फक्त नोंदीचा क्रमांक घेते आणि सॉफ्टवेअरला एपीआयवरून (एका प्रोग्रामने दुसऱ्याला विचारायच्या वाटेने) विचारते, "ही नोंद आत्ता कशी आहे?" एक फेरी जास्त पडते, पण मिळतं ते ताजं असतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

लवकर नोंदणीची सवलत काल रात्री १२ला संपली. आज पहाटे साडेपाचपर्यंत आलेल्या ५ जणांना सवलतीची पावती गेली, कारण माझ्या कोडच्या लेखी तेव्हा अजून ३१ तारीखच होती. साडेपाच तासांचा फरक, २० सप्टेंबरला वहीत लिहिलेला. पैसे सॉफ्टवेअरने पूर्णच घेतले होते, पावतीवरचा आकडा आमचा चुकला. पाचही जणांना फोन करून सांगितलं. फलटणचे एक गुरुजी म्हणाले, "ताई, कळवलंत हे चांगलं केलंत."

८ नोव्हेंबर, शनिवार

व्हॉट्सअप. एसएमएसचा विचार सोडला, त्याला दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणीव्यवस्थेत नाव आणि मजकूर नोंदवावा लागतो, आमच्या हातात तेवढे दिवस नव्हते. व्हॉट्सअपवर आपण होऊन संदेश पाठवायचा तर मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. माझ्या पहिल्या साच्यात शेवटी "मित्रांनाही नोंदणी करायला सांगा" अशी ओळ होती, म्हणून तो मार्केटिंगमध्ये गेला. ते महाग पडतं. ओळ काढली; नाव, अंतर, बिब नंबर आणि बिब मिळण्याची जागा एवढंच ठेवलं. तो माहितीपर प्रकारात मंजूर झाला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे पावणेपाचला जाग आली आणि सहज आकडे पाहिले. सॉफ्टवेअरमध्ये ४३१, आमच्याकडे ३९८. ३३ माणसं गायब.

शुक्रवारी रात्री मी वर्करमध्ये छोटासा बदल केला होता, एका रकान्याचं नाव. डी१मध्ये ते बदलायचं राहिलं. प्रत्येक निरोपाला आमच्याकडून ५००, म्हणजे "इथे बिघाड आहे" असं उत्तर, जात होतं. सॉफ्टवेअरने एक दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहिलं आणि मग आमचा पत्ताच बंद केला. तसा इशारा मेलने पाठवलाही होता, पण तो गटाच्या जुन्या खात्यावर, जे कुणी उघडत नाही. टेलिग्रामवर दोन दिवस "आज ० नोंदी" असं येत होतं. थंडी पडली, लोक विसरले असतील, असं ग्रुपमध्ये बोलणं झालं आणि मीही ते मानलं.

कामावर जायच्या आधी रकाना दुरुस्त केला आणि पत्ता पुन्हा सुरू केला. पण मधल्या काळातले निरोप आपोआप येत नाहीत. संध्याकाळी एपीआयवरून सगळी यादी ओढली, आमच्याकडे नसलेल्या ३३ नोंदी काढल्या आणि त्याच आवक साठ्यातून पुढे सोडल्या, म्हणजे नंबर आणि संदेश नेहमीच्या वाटेनेच गेले.

आता रोज पहाटे ३ला हे आपोआप होतं: दोन्हीकडचे आकडे ताडून बघायचे, फरक निघाला तर माझ्या आणि काकांच्या फोनवर संदेश. हा ताळा पहिल्याच आठवड्यात लिहायला हवा होता. कारखान्यात रोकड रोज जुळवल्याशिवाय मी घरी जात नाही, आणि इथे दोन महिने न जुळवता चालले होते. इशाऱ्याचे मेलही आता माझ्या रोजच्या खात्यावर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलांचे बिब छापून आले. ८४ बिब, आणि प्रत्येकावर वयोगटाच्या जागी तारीख: ६-१२-२०२५. वयोगट "६-१२" होता, शीटने त्याला ६ डिसेंबर समजून घेतलं. छपाईसाठी वेगळी शीट केली होती, त्यात २१ किलोमीटरवाले वर आणि मुलं तळाशी. मी वरच्या २० ओळी बघून फाइल पाठवली. पुन्हा छपाई, २२ रुपयांप्रमाणे १,८४८ रुपये. छपाईवाल्या दादांनी दोन दिवसांत करून दिले.

शीटमध्ये मजकूर घालण्याआधी रकान्याचा प्रकार "साधा मजकूर" करा. फोन नंबरालाही तेच, नाहीतर ९१च्या आधीचं अधिकचिन्ह उडतं. वयोगट आता "६ ते १२" असा लिहिते. आणि छपाईला द्यायच्या यादीचा तळ बघा.

१३ डिसेंबर, शनिवार

शाहू स्टेडियमवर बिब वाटप. ६४६ नोंदी: २१ किलोमीटरचे १८८, १०चे ३७४, मुलं ८४. इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून आडनावाच्या क्रमाने यादी छापून चार टेबलांवर ठेवली होती. क्यूआर कोड चालला तर चालला, नाहीतर पेनने खूण. दुपारी एक तास नेट गेलं, रांग थांबली नाही. दुहेरी नंबर एकही निघाला नाही. मेढ्याची ती मुलगी यंदाही आली होती. तिच्या पिशवीत स्मॉलच होता, मी स्वतः उघडून पाहिला.

१४ डिसेंबर, रविवार

पहाटे ५:१०. बोटं वाकत नव्हती इतकी थंडी. कोरेगावचे एक गृहस्थ आले, फोनवर बँकेचा संदेश: ५ डिसेंबर, रात्री ११:५२, ९०० रुपये. यादीत नाव नाही. टेबलावरच्या मुलाने त्यांना बाजूला उभं केलं होतं.

मी फोनवरून आवक साठा उघडला. त्यांचा निरोप होता. यूपीआयचा पैसा अडकून १२:१६ला पूर्ण झाला आणि मुदत १२ला संपत होती. माझ्या नियमाने "मुदतीनंतर" असा शेरा मारून नोंद बाजूला ठेवली, आणि ताळ्यातून असे शेरे मीच वगळले होते. मूळ निरोप जसाच्या तसा ठेवलेला नसता तर त्यांच्यासमोर मला "आमच्याकडे काही नाही" असंच म्हणावं लागलं असतं. राखीव १० बिबांतला एक काढून त्यांच्या छातीला मी स्वतः पिना लावल्या. ६ वाजता ते सगळ्यांबरोबर सुटले.

१६ डिसेंबर, मंगळवार

मुदतीचा नियम बदलला: पैसे कधी पोचले ते बघायचं नाही, नोंद कधी सुरू केली ते बघायचं. "मुदतीनंतर"चा शेरा असलेल्या आणखी दोन नोंदी निघाल्या. दोघींना फोन केला, माफी मागितली, काकांनी पैसे परत पाठवले.

खर्च: वर्कर आणि डी१ शून्य, व्हॉट्सअपचे संदेश शंभर रुपयांच्या आत, फेरछपाई १,८४८. वेळ वहीवरून मोजला तर ७१ तास. त्यातले २६ तास दसऱ्याचा गोंधळ आणि १७ नोव्हेंबरचा घोळ निस्तरण्यात मिळून गेले.

वेबहूक बंद केला आणि गुपित किल्ली रद्द केली. आवक साठ्यात लोकांचे फोन आणि मुलांच्या जन्मतारखा आहेत. निकालाच्या तक्रारींसाठी तो ३१ जानेवारीपर्यंत ठेवते आहे, मग पुसणार. काकांनी कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेनने गोल केला आहे.